चांदीचा रुपया पारखताना : नाण्याची ग्रेड आणि नाण्याचा इतिहास

१/ राणी व्हिक्टोरियाच्या छापाचे, १८६२ सालाचे दोन रुपये शेजारी ठेवले आहेत, अशी कल्पना करावी. एक पांढराशुभ्र, आरशासारखा. दुसरा करडा, कडेला निळसर झाक असलेला आणि राणीच्या मानेजवळ सराफाच्या टोच्याची बारीक खूण असलेला. नवखा संग्राहक बहुधा पहिला उचलतो, आणि बहुधा तिथेच फसतो. पहिला घासून धुतलेला आहे. दुसऱ्याने दीडशे वर्षांचा व्यवहार अंगावर जपून ठेवला आहे.

२/ नाण्याच्या स्थितीचे मोजमाप करणे, म्हणजे संग्राहकांच्या बोलीत 'ग्रेड' ठरवणे, ही उपयुक्त आणि शिकण्याजोगी विद्या आहे. पण ती नाण्याच्या पृष्ठभागाविषयी बोलते, नाण्याच्या ऐतिहासिक मोलाविषयी नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली की चांदीची नाणी प्रत्यक्ष खराब केली जातात आणि पुरावा कायमचा नष्ट होतो. या थ्रेडचा विषय तीच गल्लत आहे.

३/ आधी ग्रेडची भाषा पाहू. सर्वांत खाली 'पुअर' आणि 'फेअर'. मग 'गुड', 'व्हेरी गुड', 'फाइन', 'व्हेरी फाइन', 'एक्स्ट्रीमली फाइन'. त्यावर 'अबाउट अनसर्क्युलेटेड' आणि शेवटी 'अनसर्क्युलेटेड', म्हणजे चलनात न फिरलेले नाणे. येथे 'गुड'चा अर्थ 'चांगले' असा होत नाही. 'गुड' नाण्यावर राजाच्या चेहऱ्याची बाह्यरेषा आणि अक्षरे एवढेच कसेबसे उरलेले असते. जाहिरातीतील शब्दांवर भुलणाऱ्यांची पहिली ठेच येथेच लागते.

४/ या शब्दांना जोडलेले १ ते ७० हे आकडे अमेरिकेतून आले. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये ही मोजपट्टी मांडली, तीही अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटपुरती. मूळ कल्पना बाजारभावाची होती : अगदी झिजलेल्या नाण्याची किंमत १ धरली, तर त्याच प्रकारच्या निर्दोष नाण्याची किंमत ७० पट. म्हणजे हा आकडा जन्मतः किमतीचा गुणक होता. भावांचे ते गणित पुढे कालबाह्य झाले. आकडे मात्र राहिले आणि जगभरच्या नाण्यांना लागू झाले.

५/ या कथेला एक कडवट शेपूट आहे. शेल्डन यांच्या मृत्यूनंतर उघड झाले की, अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्तम प्रतीचे सेंट काढून घेऊन त्यांनी त्यांच्या जागी स्वतःचे कमी प्रतीचे सेंट ठेवले होते. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. यामुळे मोजपट्टी खोटी ठरत नाही. पण उच्च ग्रेडची हाव जाणत्या माणसालाही कुठवर नेऊ शकते, हे त्यातून दिसते.

६/ आता प्रत्यक्ष रुपयाकडे येऊ. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये आपल्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम; बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी, एक भाग इतर धातू. व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज यांच्या रुपयांनी हेच प्रमाण पाळले. दुसऱ्या महायुद्धात, १९४० पासून, चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. म्हणून पारखीचे पहिले साधन भिंग नसून तराजू आहे.

७/ वजन जुळले की भिंग हाती घ्यावे. नाण्यावरचा सर्वांत उंच भाग सर्वांत आधी झिजतो, या एकाच नियमावर ग्रेडची सारी इमारत उभी आहे. व्हिक्टोरियाच्या रुपयावर गाल, कानावरचे केस आणि मुकुटाचे नक्षीकाम पाहावे. एडवर्डच्या डोक्यावर मुकुट नाही. तेथे भुवई, दाढी आणि कानावरचे केस बोलतात. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मुकुटाचा पट्टा, कान आणि झग्यावरची साखळी. मागील बाजूस फुलांच्या नक्षीतील पाकळ्यांच्या कडा तपासाव्यात.

८/ येथे एक चकवा आहे. सपाट दिसणारा प्रत्येक भाग झिजलेलाच असतो असे नाही. टांकसाळीत ठसा नीट न बसल्यामुळेही तपशील अर्धवट उमटतो. फरक ओळखण्याची रीत सोपी आहे : कमकुवत छापाच्या सपाट भागावर मूळ झळाळी शिल्लक असते, झिजलेल्या भागावरची झळाळी गेलेली असते आणि तेथील रंग आसपासच्या भागाहून करडा दिसतो. पहिला दोष टांकसाळीचा, दुसरा काळाचा.

९/ झळाळी म्हणजे चकाकी नव्हे. ठशाचा आघात होताच धातू बाहेरच्या दिशेने सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. असे नाणे एका दिव्याखाली हळूहळू फिरवले, की प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरताना दिसतात. घासलेले नाणे चमकते, पण त्यावर हे आरे फिरत नाहीत. सगळीकडून एकसारखा, मेलेला उजेड येतो. हा फरक दहा नाणी हाताळल्यावर डोळ्यांत बसतो. छायाचित्रावरून तो क्वचितच कळतो.

१०/ चलनात कधीही न आलेल्या नाण्यावरही खुणा असतात. टांकसाळीतून नाणी थैल्यांत भरून निघत. एकमेकांवर आपटून त्यांना बारीक खोके पडत. ही झीज नव्हे, म्हणून असे नाणे 'अनसर्क्युलेटेड'च राहते; फक्त त्याचा ६० ते ७० मधला आकडा खाली येतो. गालावरचा एक खोका फुलांच्या नक्षीत लपलेल्या चार खोक्यांपेक्षा महाग पडतो. ग्रेड शेवटी माणसाच्या नजरेने ठरते आणि माणसाची नजर आधी चेहऱ्यावर जाते.

११/ मग काळपटपणा? हवेतील गंधकयुक्त वायूंशी चांदीचा संयोग होऊन पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर तयार होतो. आधी सोनेरी, मग तांबूस, निळसर आणि अखेर काळा. हा थर चांदीच्याच काही अंशापासून बनलेला असतो. त्यामुळे तो 'काढणे' म्हणजे वरची धूळ झटकणे नव्हे. नाण्याच्या अंगची चांदी काढून टाकणे होय. नेमक्या त्याच चांदीत ठशाच्या सूक्ष्म रेषा असतात.

१२/ घराघरांत हा संहार सद्भावनेने होतो. आजीच्या पेटीतला रुपया सापडतो; चिंच, लिंबू, राख किंवा टूथपेस्ट घेऊन तो देवघरातल्या निरांजनासारखा उजळला जातो. भांड्यांसाठी ही रीत योग्यच आहे, कारण भांडे वापरायचे असते. नाणे वाचायचे असते. राखेच्या कणांनी पडलेले ओरखडे कोणत्याही उपायाने बुजत नाहीत. आंतरराष्ट्रीय ग्रेडिंग कंपन्या अशा नाण्याला बहुधा आकडाच देत नाहीत. 'डिटेल्स' असा शेरा मारून दोष नोंदवतात.

१३/ येथवर ग्रेड आणि इतिहास एकाच बाजूला उभे आहेत. दोघेही म्हणतात : नाणे घासू नका. ग्रेडचा उपकार आणखी एका ठिकाणी मान्य करावा लागतो. १९११ च्या रुपयावर पाचव्या जॉर्जच्या झग्यावरील साखळीत एक हत्ती होता. आखूड सोंडेमुळे तो लोकांना डुकरासारखा वाटला आणि ओरड झाली. सुमारे ९४ लाख रुपये पाडले गेले होते, त्यांपैकी सुमारे ७ लाखच चलनात आले. उरलेले वितळवण्यात आले. पुढच्या वर्षी हत्ती सुधारला. तो मूळ हत्ती नीट पाहायचा, तर कमी झिजलेले नाणेच हवे.

१४/ मतभेद पुढे सुरू होतो. पहिल्या पोस्टमधल्या करड्या रुपयावरची सराफाची खूण ग्रेडच्या भाषेत 'नुकसान' ठरते. पण ती खूण पडली कशी? वरून चांदी आणि आत तांबे अशी बनावट नाणी पूर्वापार होती. संशय आला की सराफ छोट्या टोच्याने नाण्याचा अंतर्भाग तपासत असे. म्हणजे ती खूण त्या नाण्याची परीक्षा झाल्याची आणि नाणे त्या परीक्षेतून पुढे गेल्याची नोंद आहे.

१५/ महाराष्ट्राला ही परीक्षा अनोळखी नव्हती. गावगाड्यात नाणी पारखणारा पोतदार असे. एकाच बाजारात अंकुशी, चांदवडी, हाली सिक्का असे निरनिराळे रुपये फिरत, आणि प्रत्येकाची अदलाबदल करताना बट्टा कापला जाई. मराठी भाषेने ही सारी व्यवस्था आजवर सांभाळली आहे : कीर्तीला 'बट्टा' लागतो, माणूस 'खणखणीत नाणे' असतो, आणि पारखून सिद्ध झालेला तो 'नाणावलेला'. ज्या समाजाने विश्वासाचे शब्दच नाणेपरीक्षेतून घडवले, त्याने परीक्षेच्या खुणेला दोष म्हणावे, हे विपरीत आहे.

१६/ बंगालमध्ये तर नाण्याचे वय हीच त्याची ग्रेड होती. चालू सालाचा सिक्का रुपया पुऱ्या किमतीला चाले. जुन्या सालाच्या रुपयावर तो झिजलेला नसला तरी बट्टा लागे. या जाचावर उपाय म्हणून कंपनीने पुढे मुर्शिदाबादच्या नावाच्या रुपयांवर शाह आलमचे १९ वे राज्यवर्ष कायमचे गोठवले. वर्षे सरत गेली, राज्यवर्ष १९ च राहिले. ग्रेडच्या बखेड्यातून सुटण्यासाठी एका सत्तेने नाण्यावरचा काळ थांबवला, असे म्हणता येईल.

१७/ ब्रिटिश सरकारनेही स्वतःची ग्रेड ठरवली होती, आणि ती तराजूवर चाले. कायद्यानुसार रुपयाचे वजन ठरीव वजनापेक्षा २ टक्क्यांहून अधिक घटलेले नसेल आणि तो विद्रूप केलेला नसेल, तरच तो पुऱ्या किमतीला चाले. १८० ग्रेनचे २ टक्के म्हणजे ३.६ ग्रेन, अर्थात १७६.४ ग्रेनखाली उतरलेला रुपया नाकारता येई. सावकाराच्या दारात उभ्या असलेल्या शेतकऱ्यासाठी 'ग्रेड' हा शब्द नव्हता, पण तिचा चटका होता.

१८/ झिजेचा सर्वांत खोल विचार मात्र एका गणितज्ञाने केला. गोव्यात जन्मलेले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवणारे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी चांदीची आहत नाणी आणि आपल्या काळातील चलनी नाणी हजारोंनी तोलली. त्यांचा मुद्दा असा : नवी नाणी वजनाने एकमेकांच्या जवळ असतात, व्यवहारात फिरता फिरता त्यांचे सरासरी वजन घटत जाते आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढत जातो. म्हणजे झीज हे घड्याळ आहे. फक्त ते एका नाण्यावर नव्हे, नाण्यांच्या समूहावर वाचायचे असते.

१९/ तक्षशिलेच्या निधीतील आहत नाण्यांवर त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. मागील बाजूस परीक्षकांच्या बारीक खुणा जितक्या अधिक, तितके सरासरी वजन कमी. जी नाणी जास्त काळ फिरली, ती जास्त वेळा तपासली गेली. त्याच निधीत अलेक्झांडर आणि फिलिप अऱ्हिडियस यांची ताजी, जवळजवळ न झिजलेली नाणीही होती; त्यांच्यामुळे निधी केव्हा पुरला गेला याचा अंदाज बांधता आला. झिजलेली नाणी काळाची लांबी सांगतात, न झिजलेली त्याचे टोक. इतिहासकाराला दोन्ही लागतात. लिलावाच्या यादीला फक्त दुसरी.

२०/ महाराष्ट्रातील याहून ठळक उदाहरण जोगलटेंभीचे. नाशिकजवळच्या या गावात १९०६ मध्ये १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. सारी क्षहरात क्षत्रप नहपानाची. पण त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. नहपानाचा चेहरा चिरडून वर तीन कमानींची टेकडी आणि उज्जैन चिन्ह. पृष्ठभागाच्या हिशेबाने ही विद्रूप नाणी. इतिहासाच्या हिशेबाने सातवाहनांनी नहपानाची सत्ता मोडल्याचा हजारो हातांतून फिरलेला जाहीरनामा.

२१/ यावर एक आक्षेप रास्त आहे. बाजारात बनावट नाण्यांचा सुळसुळाट आहे. 'दुर्मीळ' म्हणून काहीही गळ्यात बांधले जाते. अशा वेळी त्रयस्थाने तपासून, डबीत बंद करून, आकडा लिहून दिलेले नाणे घेणे सुरक्षित नाही काय? आहे. मोठी रक्कम मोजणाऱ्याने असा आधार जरूर घ्यावा. परंतु डबी खरेपणाची हमी देते, तेव्हा ती परीक्षकाचे काम करते. आकडा मोठा म्हणून नाणे महत्त्वाचे, असे ती म्हणू लागते, तेव्हा ती आपल्या अधिकाराबाहेर जाते.

२२/ शिवाय नियम बदलतात, याला दाखला आहे. अमेरिकेने १८७३ पासून पूर्वेकडील व्यापारासाठी पाडलेल्या ट्रेड डॉलरवर चिनी सराफांचे ठसे आढळतात. एकेकाळी ते निव्वळ नुकसान मानले जाई. आज असे ठसे असलेले डॉलर मुद्दाम गोळा करणारे संग्राहक आहेत, आणि त्या ठशांचा स्वतंत्र अभ्यास होतो. चिनी सराफाचा ठसा इतिहास ठरू शकतो, तर भारतीय सराफाची खूण दोष का राहावी? हे ठरवण्याचा पहिला हक्क येथील संग्राहकांचा आहे.

२३/ मात्र प्रत्येक भोक आणि प्रत्येक ओरखडा पवित्र नाही. गळ्यातल्या माळेसाठी कडी झाळलेला रुपया वापराची साक्ष देतो. तीच कडी काढून, जागा कानशीने घासून, 'एक्स्ट्रीमली फाइन' म्हणून विकलेला रुपया फसवणुकीची. कसोटी एकच : ही खूण नाण्याच्या जगण्यातून आली, की त्याचे जगणे लपवण्यासाठी केली गेली? पहिली नोंदवावी, दुसरी नाकारावी.

२४/ कायद्याचेही भान हवे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तूच्या व्याख्येत बसते, आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे १९११ चा रुपया परदेशी कंपनीकडे आकड्यासाठी धाडणे ही केवळ हौस राहत नाही. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देण्याचे बंधन तर १८७८ पासून आहे. निधी वाटून घेतला, की कोसंबींसारख्या अभ्यासकाला तोलायला समूहच उरत नाही.

२५/ म्हणून तरुण संग्राहकाने करायच्या गोष्टी मोजक्याच. नाणे कडेनेच धरावे. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नये; त्यातून पाझरणारी द्रव्ये पृष्ठभागावर हिरवट थर धरतात. वजन, व्यास आणि कड यांची नोंद करावी. एका बाजूने येणाऱ्या तिरप्या उजेडात छायाचित्र घ्यावे. झीज आणि खुणा त्यातच स्पष्ट दिसतात. आणि मनात कितीही आले, तरी नाणे धुऊ नये.

२६/ मग नोंदवहीत प्रत्येक नाण्यापुढे दोन ओळी लिहाव्यात. पहिली ग्रेडची : 'व्हेरी फाइन, गालावर झीज, मागील बाजूस तारखेजवळचे ठिपके स्पष्ट.' हे ठिपकेही मोलाचे, कारण १८६२ सालाचा रुपया १८७४ पर्यंत पाडला जात होता आणि त्याचे प्रकार ओळखायला तेच उपयोगी पडतात. दुसरी ओळ चरित्राची : 'मानेजवळ सराफाची एक खूण, वजन इतके, अमुक गावातील घरातून, अमुक नाण्यांसोबत आलेला.' पहिली ओळ उद्या दुसरा कोणीही लिहू शकेल. दुसरी आज लिहिली नाही, तर कधीच लिहिता येणार नाही.

२७/ बाजार पहिल्या ओळीचे पैसे देतो आणि देत राहील. त्यात गैर काही नाही. पण घरातील जुन्या पेटीतून निघालेला करडा रुपया पाहून कोणी चिंचेकडे हात नेत असेल, तर त्याला थांबवावे आणि तराजू पुढे करावा. ११.६६ ग्रॅममधून किती उरले, हे आधी पाहावे. जे कमी झाले आहे, ते कुणाकुणाच्या हातांनी नेले, हा प्रश्न पडला, की नाणे पारखायला सुरुवात झाली.